पॉल फिट्स
पॉल मॉरिस फिट्स (६ मे, १९१२ – २ मे, १९६५) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. यंत्रे हाताळताना माणसाकडून होणाऱ्या चुकांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. मानवी घटक अभियांत्रिकी या विद्याशाखेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन
फिट्स यांचा जन्म टेनेसी राज्यातील मार्टिन येथे झाला. १९३८ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या मानसशास्त्रीय संशोधनात सहभागी झाले. १९४५ मध्ये ओहायोतील राइट फील्ड येथील एरो मेडिकल प्रयोगशाळेच्या मानसशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

चुकांचा अभ्यास
त्या काळी अनेक विमान अपघातांची नोंद वैमानिकाची चूक अशी होत असे आणि चौकशी तेथेच थांबे. फिट्स यांनी आर. ई. जोन्स यांच्यासह वैमानिकांकडून स्वतः केलेल्या किंवा पाहिलेल्या चुकांची वर्णने गोळा केली. १९४७ च्या अहवालात नियंत्रकांच्या वापरातील अशा ४६० घटनांचे सहा वर्गांत विश्लेषण आहे. त्यांपैकी ५० टक्के चुका एका नियंत्रकाऐवजी दुसराच वापरल्याच्या होत्या. चुकीचे समायोजन व विसर यांचा वाटा प्रत्येकी १८ टक्के होता. उलट दिशेने हालचाल (६ टक्के), नकळत धक्का लागणे (५ टक्के) आणि नियंत्रकापर्यंत हात न पोहोचणे (३ टक्के) हे उरलेले वर्ग होते.

चाके व फ्लॅप यांच्या दांड्या सारख्या दिसत व जवळजवळ असत. थ्रॉटल, प्रोपेलर आणि इंधन मिश्रण यांच्या दांड्यांचा क्रमही विमानागणिक बदलत असे. एका विमानावर अंगवळणी पडलेली सवय दुसऱ्यावर घातक ठरे. त्यामुळे केवळ सावधगिरीचा उपदेश पुरेसा नसून नियंत्रकांची जागा, आकार व दिशा एकसारखी ठरवावी, असा निष्कर्ष निघाला. उपकरणांच्या वाचनातील २७० चुकांचाही त्यांनी अभ्यास केला.

फिट्सचा नियम
१९४९ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. १९५१ मध्ये त्यांच्या संपादनाखालील अहवालात माणूस व यंत्र यांच्या कामाच्या वाटणीची यादी मांडण्यात आली. १९५४ मध्ये त्यांनी दाखवले की, लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तेथे अचूक पोहोचण्यास हाताला अधिक वेळ लागतो. हा संबंध फिट्सचा नियम म्हणून ओळखला जातो. १९५८ पासून ते मिशिगन विद्यापीठात होते. वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मायकेल पोस्नर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

प्रभाव
फिट्स यांचा अभ्यास विमानाच्या कक्षापुरता असला, तरी त्यांची विचारपद्धती पुढे कारखान्यांतील देखभाल-दुरुस्तीच्या कामालाही लागू झाली. सारखे दिसणारे जोड, हात न पोहोचणारे बोल्ट, यंत्रागणिक बदलणारी मांडणी आणि कामात खंड पडल्याने सुटलेली पायरी ही तेथील चुकांची परिचित कारणे आहेत. चुकीच्या जागी बसणारच नाही असा सुटा भाग बनवणे, खुणा व रंग एकसारखे ठेवणे आणि तपासणी यादी वापरणे हे उपाय त्याच दिशेचे आहेत. संगणकाच्या पडद्यावरील बटणांचा आकार व अंतर ठरवतानाही फिट्सचा नियम वापरला जातो.