नाना शंकरशेट आणि जी.आय.पी. रेल्वे

कल्याणजवळच्या मुरबाड गावी १० फेब्रुवारी १८०३ रोजी जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म झाला. सारा महाराष्ट्र त्यांना नाना म्हणून ओळखतो. १८२२ मध्ये वडील वारले आणि मुंबईतील मोठ्या पेढीचा भार एकोणिसाव्या वर्षी नानांवर येऊन पडला. ज्या वयात आपण एस.वाय.च्या वर्गात बाकावर बसतो, त्या वयात!

नानांनी पैसा पेढीतच कोंडून ठेवला नाही. विलायतेत आगगाडी धावू लागल्याचे कळताच ती येथे का नको, असे त्यांच्या मनाने घेतले. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी त्यासाठी मंडळी उभी केली. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिच्या संचालकांत नाना होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे २१ मैल १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणला पोचले. आम्ही कोनची मुले दुर्गाडीचा पूल ओलांडून ज्या स्टेशनावर जातो, ते हेच.

परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट आली तर ती हिंदी रयतेच्या करातून भरायची, नफा मात्र लंडनला! शिवाय १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटाच्या कामात हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोणाला ठाऊक? मग नानांना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्ष होऊन रयतेची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडणारेही नानाच होते. सत्तावनच्या उठावात सरकारने त्यांच्यावर संशय घेतला, पण पुरावा मिळाला नाही.

मला स्वतःला रेल्वेहूनही मोठी वाटते ती त्यांची मुलींची शाळा. मुलींना शिकवणे पाप मानले जाई त्या काळात, १८४८-४९ च्या सुमारास, नानांनी स्वतःच्या वाड्यात तिला जागा दिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे पहिली पायरी बांधणाऱ्याचे मोल मला जरा अधिकच वाटते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. त्याच वर्षी थळघाटातून गाडी सुरू झाली होती. पुणे आणि नाशिक या दोन्ही वाटा कल्याणलाच फुटतात. नानांच्या मुरबाडला मात्र अजून एस.टी.नेच जावे लागते.