शास्त्र, कायदा आणि विद्यासागर

बदलीचा हुकूम घेऊन कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक नाव ठायी ठायी भेटते. गोलदिघीच्या काठी त्यांचा पुतळा आहे, हुगळीवरील पुलास त्यांचे नाव आहे आणि बंगाली मुलांच्या पिढ्या ज्या ‘वर्णपरिचया’तून अक्षरे शिकल्या, तोही त्यांचाच. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर हे विधवाविवाहाच्या कायद्याचे प्रणेते म्हणून आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु धर्माज्ञा आणि राज्याचा कायदा यांचा मेळ घालताना त्यांना काय अनुभव आला, हे फारसे सांगितले जात नाही. सारी नोकरी कलमे आणि परिपत्रके यांच्या सहवासात गेल्यामुळे मला त्यांच्या चरित्राचा हाच भाग अधिक जवळचा वाटतो.

२६ सप्टेंबर १८२० रोजी वीरसिंह या खेड्यात एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील ठाकुरदास कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. त्यांच्याबरोबर पायी शहराकडे येताना वाटेतील मैलांच्या दगडांवरून या बालकाने इंग्रजी आकडे शिकून घेतले, ही कथा बंगालमध्ये घरोघर सांगितली जाते. पुढे संस्कृत कॉलेजात बारा वर्षे अध्ययन करून त्यांनी १८३९ साली हिंदू कायद्याची परीक्षाही दिली. त्या काळी कंपनी सरकारच्या न्यायालयांत विवाह आणि वारसा या बाबतींत हिंदूंना धर्मशास्त्रच लागू असे, व त्याचा अर्थ सांगण्यासाठी न्यायाधीशाजवळ पंडित नेमलेला असे. अर्थात शास्त्र हाच कायदा होता. उच्चवर्णीय विधवेने पुनर्विवाह केल्यास तो विवाह अवैध मानला जाई आणि तिच्या संततीच्या वारसाहक्कास आधार उरत नसे. ही अडचण केवळ उपदेशाने सुटणारी नव्हती.

१८५१ साली ते संस्कृत कॉलेजचे प्राचार्य झाले. वेदान्त आणि सांख्य ही दर्शने भ्रांत आहेत, असे शिक्षणाधिकाऱ्यांस निःसंकोच लिहून कळविणारा हा पंडित होता. तरीही विधवाविवाहासाठी त्यांनी आधार शोधला तो शास्त्राचाच. कारण दयेचे आवाहन समाज ऐकणार नाही, शास्त्राज्ञा मात्र ऐकेल, असा त्यांचा विश्वास होता. पराशरस्मृती कलियुगासाठी सांगितलेली आहे आणि पती नाहीसा होणे, मृत्यू, संन्यास, क्लैब्य व पातित्य या पाच आपत्तींत ती स्त्रीला दुसऱ्या पतीची अनुज्ञा देते, हे त्यांनी १८५५ सालच्या दोन पुस्तिकांतून प्रतिपादिले. हे वचन केवळ वाग्दत्त वधूपुरते आहे, या आक्षेपाचेही त्यांनी सविस्तर खंडन केले.

त्याच वर्षी त्यांनी सरकारकडे अर्ज पाठविला. त्यावर सुमारे एक हजार सह्या होत्या. राजा राधाकांत देव यांच्या विरोधी अर्जावर त्याच्या तीस पटींहून अधिक. तरीही २६ जुलै १८५६ रोजी १८५६ चा पंधरावा कायदा संमत झाला, आणि ७ डिसेंबर रोजी श्रीशचंद्र विद्यारत्न यांचा बालविधवा कालीमती हिच्याशी कलकत्त्यात विवाह झाला.

कायद्याने अटकाव दूर केला. परंतु लग्ने काही आपोआप जुळेनात. विद्यासागरांनी अनेक विवाहांचा खर्च स्वतः सोसला आणि ते कर्जात बुडाले. समाज शास्त्राने नव्हे, देशाचाराने चालतो, हे कटू सत्य त्यांना उमगले. १८७० मध्ये त्यांचे चिरंजीव नारायणचंद्र यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा आपले म्हणणे आपल्या घरात खरे झाल्याचे समाधान मात्र त्यांना लाभले.

कायद्यातही एक उणीव होती. पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील विधवेचा हक्क संपत असे. ज्या जातींत पाटाची चाल पूर्वापार होती, त्यांतील स्त्रियांनाही मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांनी हाच नियम लावला. अलाहाबादने तो लावला नाही. मोकळीक देणारे कलम कोणाच्या हातचे काढून घेते, हे पाहणे किती अगत्याचे असते, याचा हा धडाच होय.

महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. विष्णुशास्त्री पंडित यांनी त्यांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला, आणि १८६९ साली मुंबईत झालेल्या पुनर्विवाहानंतर आपल्याकडेही हाच शास्त्रार्थ पेटला.

बहुपत्नीकत्वाविरुद्धही त्यांनी अर्ज केले, ग्रंथ लिहिले. परंतु १८५७ नंतर सरकार धर्माच्या प्रांतात पाऊल टाकण्यास धजेना. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर मत विचारले असता, वयाच्या आकड्याऐवजी मुलगी ऋतुमती होण्यापूर्वीचा समागम हाच गुन्हा ठरवावा, असे त्यांनी सुचविले. त्यामुळे गर्भाधानविधीस बाध येणार नाही आणि बहुसंख्य मुलींना अधिक काळ संरक्षण मिळेल, असा त्यांचा अभिप्राय होता. तो मान्य झाला नाही. २९ जुलै १८९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंमधील बहुपत्नीकत्व बंद केले. विधवाविवाहाचा जुना कायदा अनावश्यक ठरून १९८३ साली रद्द झाला. तो राजपत्रातून गेला. परंतु विधवेला हळदीकुंकवास बोलवावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही कलमाने सुटत नाही. तो आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यातच सुटावयाचा आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात यजमान प्रांताच्या या थोर पुरुषाचे स्मरण करताना एवढे ध्यानी धरले, तरी पुष्कळ झाले.