हंसरा गायक रॉजर मिलर

दारिद्र्यानें कित्येकांचें मन कडवट होतें. अमेरिकन गायक रॉजर मिलर याच्या मनांत मात्र त्यांतूनच हास्य उमललें. त्याचा जन्म टेक्सास संस्थानांतील फोर्ट वर्थ येथें ता. २ जानेवारी १९३६ रोजीं झाला. तो वर्षाचा असतांनाच पिता निवर्तला, व आईस तिन्ही मुलांचा सांभाळ करणें अशक्य झाल्यामुळें तो ओक्लाहोमांतील एरिक गांवीं चुलत्याच्या घरीं वाढला. तेथें त्यानें शेतांत कापूस वेंचला. १७ व्या वर्षीं लोभास बळी पडून त्यानें एक गिटार चोरली. परंतु दुसरेच दिवशीं तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढें हजर झाला. तुरुंगाऐवजीं त्यानें सैन्यांतील नोकरी पत्करली.

पुढें नॅशव्हिल शहरीं एका हॉटेलांत पाहुण्यांचें सामान वाहत असतां तो गीतें रचूं लागला. १९६५ सालच्या ‘द रिटर्न ऑफ रॉजर मिलर’ या ग्रामीण ढंगाच्या तबकडींतील सर्वांत गाजलेल्या गीतांत एका भटक्याची कथा आहे. खिशांत दमडी नाहीं. दोन तास झाडलोट करून तो खोली मिळवितो, तरी ऐट मात्र राजाची! श्रोत्यास हंसूं येतें, पण त्या गरिबाविषयीं तुच्छता वाटत नाहीं. कारण गरिबांचें जिणें कवीनें स्वतः भोगिलें होतें.

दोन वर्षांत त्यास ११ ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. १९८५ सालीं मार्क ट्वेनच्या कादंबरीवरील संगीत नाटकाच्या गीतांबद्दल टोनी पारितोषिकहि लाभलें. ता. २५ ऑक्टोबर १९९२ रोजीं तो निवर्तला.

विद्यार्थिमित्रहो, चूक कबूल करण्याचें धैर्य व कोणास न दुखवितां हंसविण्याची कला, हीं दोन्ही या चरित्रापासून घेण्यासारखीं आहेत.