आवाजाचे कुलूप

माझे वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी आमच्या गावात एकच टेलिफोन होता, तोही किराणा दुकानात. कुणाला मुंबईहून फोन आला की बोलणारा एक आणि ऐकणारे दहा! कुणाची सोयरीक मोडली, कुणाचे कर्ज थकले, सारे संध्याकाळच्या आत गावभर. म्हणूनच की काय, ॲलन ट्युरिंगविषयी वाचताना मी अडखळलो तो त्याच्या संगणकापाशी नव्हे, तर 'डेलायला' नावाच्या यंत्रापाशी.

ट्युरिंग २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर. आईबाप हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात दुसऱ्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. १९३६ चा त्याचा गणितावरील निबंध आणि महायुद्धात ब्लेचली पार्कला 'एनिग्मा' या जर्मन सांकेतिक यंत्राचा त्याने लावलेला छडा सर्वश्रुत आहे.

त्या काळी अटलांटिकपलीकडे टेलिफोनवर बोलताना आवाजाची जी उलटापालट करीत, ती जर्मनांनी उकलली होती. अमेरिकेने नवे यंत्र बांधले, पण त्याचे वजन पन्नास टनांवर! १९४३ च्या आरंभी ट्युरिंगने न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेत ते पाहिले. मायदेशी परतल्यावर हॅन्सलोप पार्क येथे डोनाल्ड बेली या तरुण इंजिनिअरला हाताशी धरून त्याने स्वतःचे यंत्र रचले. त्याचे वजन भरले अवघे ३९ किलो. सॅमसनला दगा देणाऱ्या बायबलातील स्त्रीचे नाव त्याला मिळाले.

त्याची युक्ती मला कळली ती अशी. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला चार हजार वेळा मोजायची आणि प्रत्येक मापात एक गुप्त आकडा मिळवायचा. समजा माप ८, गुप्त आकडा ७, बेरीज १५. त्यातले दहा टाकून ५ पाठवायचे. तारेवर कान लावणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येणार. पलीकडच्याजवळ तोच ७ असतो. ५ मधून ७ जात नाहीत, म्हणून दहा उसने घ्यायचे की ८ हाती येतात. शाळेतली हातच्याची वजाबाकीच ही! चाचणीत चर्चिलच्या भाषणाची तबकडी लावली; ती खरखर होऊन गेली आणि पुन्हा भाषण होऊन बाहेर आली. पण तोवर युद्ध संपत आले होते. डेलायला प्रत्यक्ष कामाला कधी लागलीच नाही.

या कामाच्या दिवसांतच ट्युरिंगने बेलीला सहज सांगून टाकले, की आपले मन पुरुषांकडे ओढ घेते. बेली हादरला, पण त्याने साथ सोडली नाही. स्वतःचे गुपित झाकण्याची कला ट्युरिंगपाशी नव्हती, किंवा त्याला ती नकोच होती. १९५२ साली घरफोडीची तक्रार द्यायला तो पोलिसांकडे गेला आणि चौकशीत आपले संबंध लपवेना. इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंगाऐवजी त्याने वर्षभर संप्रेरकांचा उपचार पत्करला. सरकारी गुप्त कामाचे दार मात्र बंद झाले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा अंत झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली. २०१३ साली राणीने माफी दिली. माफी कशाची, हे मला अजून उमगलेले नाही.

आईला आत्महत्या कधीच पटली नाही. तिने १९५९ साली मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. एनिग्माची हकिगत तीत नाही. ते तेव्हा सरकारी गुपित होते.