लुका पाचोली: डेटाबेसच्या 'हिस्ट्री'चे ५०० वर्षांपूर्वीचे गुरू

रूमच्या खर्चासाठी मी एक छोटं ॲप बनवलं होतं. एके दिवशी भाड्याचे ६,००० अचानक ५,००० दिसायला लागले. कोणी बदलले, कधी बदलले, काहीच कळेना. माझा डेटाबेस जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहायचा ना! संशय एका मित्रावर गेला आणि त्याने बोलणंच सोडलं. उपाय शोधताना मी पोचलो थेट लुका पाचोलींपर्यंत.

पाचोलींचा जन्म १४४७ च्या सुमारास इटलीतल्या सानसेपोल्क्रो गावात झाला. तरुणपणी ते व्हेनिसला गेले आणि एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवू लागले. व्यापारातले हिशेब त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे ते फ्रान्सिस्कन साधू झाले आणि शहरोशहरी गणित शिकवत फिरले.

१४९४ मध्ये त्यांचं 'सुम्मा' हे गणिताचं जाडजूड पुस्तक व्हेनिसला छापलं गेलं. त्यात जमाखर्चावर एक भाग होता. ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पाचोलींनी ती नीट मांडून सगळ्यांच्या हाती दिली.

त्यात तीन वह्या आहेत. व्यवहार झाला की आधी कच्च्या वहीत, मग तारखेनुसार रोजकीर्दीत आणि शेवटी खात्यानुसार खतावणीत. चूक झाली तर आकडा गायब करायचा नाही, उलटी नोंद करून ती दुरुस्त करायची.

पुढे मिलानमध्ये त्यांनी लिओनार्दो दा विंचींना गणित शिकवलं. लिओनार्दोंनी त्यांच्या पुढच्या पुस्तकासाठी आकृत्या काढून दिल्या. १५१७ मध्ये पाचोली वारले.

आता डेटाबेसकडे बघा. मेन टेबल म्हणजे खतावणी: आत्ताची स्थिती. हिस्ट्री टेबल म्हणजे रोजकीर्द: तिथपर्यंत कसे पोचलो ते. यूपीआय पेमेंट फेल होऊन पैसे परत आले, तर स्टेटमेंटमधली वजा एंट्री पुसली जात नाही, खाली वेगळी जमा एंट्री येते. हेच ते!

मीही हिस्ट्री टेबल जोडलं: कोणती नोंद, जुना आकडा, नवा आकडा, कोणी, कधी. नोंद बदलली की ट्रिगर आपोआप त्यात एक ओळ भरतो. त्या ओळी बदलायची किंवा डिलीट करायची परवानगी कोणालाच नाही, मलासुद्धा नाही.

मित्राची मी माफी मागितली. पण ते १,००० कोणी कमी केले, हे आजही कळलेलं नाही. आधी लिहून न ठेवलेली हिस्ट्री नंतर कुठून आणणार? म्हणून ॲप बनवताना हे टेबल पहिल्याच दिवशी जोडा.