आब्राहाम अवीनू आणि ड्रेस्डेन शहर

आपल्या मशिदीच्या या स्मरणिकेसाठी आब्राहाम अवीनूंचे चरित्र लिहावयास बसलो, तेव्हा आम्हांला प्रथम आठवले ते जर्मनीतील ड्रेस्डेन शहर. कारण एल्ब नदीकाठच्या या शहरातील चित्रसंग्रहालयात त्यांचे एक जुने चित्र आहे. इटलीच्या आंद्रेआ देल सार्तोने ते १५३० च्या सुमारास काढले. इसहाकाचे हात पाठीमागे बांधलेले, पित्याच्या हाती सुरी आणि वरून येणारा देवदूत. रोश हशानाला आपण वाचतो तीच ही अकेदा.

ऊर गावी तेरहाच्या घरचा हा मुलगा. बापाच्या मूर्ती फोडल्याची त्याची गोष्ट तोरात नाही, मिद्राशात आहे. आणि कुराणातही अशीच गोष्ट हजरत इब्राहीमांच्या नावे आहे. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी सारा व पुतण्या लोट यांना घेऊन हारान सोडले. आपल्या वडीलधाऱ्यांनी कुलाब्यातील गावे सोडून मुंबई गाठली, पुढे लोद, दिमोना, बेरशेबा गाठले, पण पंचाहत्तरीत नव्हे! बेरशेबा हे नावही त्यांच्याच विहिरीचे. तिच्या साक्षीसाठी त्यांनी अबीमेलेखाला सात मेंढ्या दिल्या. आपल्यात आब्राजी, इसाजी, अकूबजी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती याच घराण्याची.

नव्व्याण्णवाव्या वर्षी त्यांनी मिला केली. त्यानंतर भर उन्हात तंबूच्या दाराशी बसले असता तीन अनोळखी पांथस्थ दिसले, तर हे उठून धावत सामोरे गेले. त्याच दिवशी सदोम नगरीच्या नाशाची वार्ता कळली. आब्राहामांनी देवापाशी रदबदली केली. पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस सापडले तर, असे करीत ते दहावर आले. आम्हांला हा प्रसंग अकेदापेक्षाही मोठा वाटतो. स्वतःच्या मुलासाठी जे गप्प राहिले, ते परक्यांच्या गावासाठी देवाशी वाद घालीत राहिले.

ड्रेस्डेनमध्ये हे फार आठवते. ज्या इमारतीत ते चित्र आहे, ती गोटफ्रीड झेम्पर या वास्तुविशारदाने बांधली. त्यानेच त्याआधी तेथील यहुद्यांची मशीद बांधली होती. १८४० साली तिचे उद्‌घाटन झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी ती जाळली. पित्याचे चित्र जपले आणि लेकरांचे प्रार्थनामंदिर जाळले! आल्फ्रेड नॉयगेबाउअर या अग्निशामक दलाच्या एका जवानाने मात्र तिच्यावरील दावीदाचा तारा उचलून लपवून ठेवला आणि युद्धानंतर समाजाला परत दिला. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावात ते शहरही जळाले.

जुन्या जागी ९ नोव्हेंबर २००१ रोजी नवी मशीद उघडली. तिच्या भिंतींचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळवीत नेला आहे, त्यामुळे माथा नेमका पूर्वेस, येरुशलायीमकडे येतो. दारावर तोच तारा आहे.

आब्राहामांना पिता मानणारे केवळ आपणच नव्हे. ख्रिस्ती लोक त्यांना विश्वासाचा पिता म्हणतात. कोकणातले आपले मुसलमान शेजारी बकरी ईदला त्यांचेच स्मरण करतात. त्यांच्यात बहुतेकांच्या मते वेदीवरचा मुलगा इश्माएल होता. याच ड्रेस्डेनच्या न्यायालयात १ जुलै २००९ रोजी एका गर्भवती मुस्लिम स्त्रीचा धर्मद्वेषातून खून झाला. तिला वाचवू पाहणारा पतीही गंभीर जखमी झाला. काही दिवसांनी जर्मनीतील यहुद्यांच्या केंद्रीय मंडळाचे सरचिटणीस श्टेफान क्रामर आणि मुस्लिमांच्या केंद्रीय मंडळाचे सरचिटणीस ऐमान माझ्येक हे दोघे मिळून इस्पितळात त्याच्या भेटीस गेले. हे वाचले तेव्हा आम्हांला चरित्राचा शेवटचा प्रसंग आठवला.

सारा वारली तेव्हा आब्राहामांनी हेब्रोनजवळची मखपेलाची गुहा एफ्रोनाकडून चारशे शेकेल मोजून विकत घेतली होती. त्यांचे स्वतःचे देहावसान १७५ व्या वर्षी झाले. इश्माएलाला आईसह घरातून घालवून दिल्याला कितीतरी वर्षे लोटली होती. तरी त्या दिवशी इसहाक आणि इश्माएल दोघेही आले, आणि दोघांनी मिळून आपल्या पित्याला त्या गुहेत साराशेजारी ठेवले.