समुद्रातील इंधन आणि डॉ. होमी भाभा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मालवणजवळच्या तारकर्लीचा समुद्र पाहिला आहे का? तेथे पांढरी वाळू आहे, नितळ पाणी आहे. समुद्र म्हटला की आपल्याला मासे आणि मीठ आठवते. डॉ. होमी भाभा यांना मात्र समुद्रात साऱ्या जगाला पुरेल एवढे इंधन दिसले.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी इंजिनिअर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची, अशी अट वडिलांनी घातली. भाभांनी ती पुरी केली आणि मगच ते आवडीच्या विषयाकडे वळले.

१९३९ साली ते सुटीत मायदेशी आले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९५६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली.

त्याआधी १९५५ साली जिनिव्हा येथील जागतिक अणुपरिषदेचे ते अध्यक्ष होते. समुद्राच्या पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो. त्याची केंद्रके एकत्र आली, की प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. वीस वर्षांत माणूस ही ऊर्जा काबूत आणील, असे भाकीत भाभांनी तेथे केले.

हे काम अवघड का आहे? केंद्रके धनप्रभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आणि प्रचंड दाब असतो, म्हणून तेथे ती एकत्र येतात. १९८९ साली अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी हे साध्या तापमानात घडवल्याचा दावा केला. भाभांच्या तुर्भे येथील केंद्रातही तसे प्रयोग झाले. परंतु असे प्रयोग पुन्हा केले असता प्रत्येक वेळी सारखे निष्कर्ष मिळाले नाहीत. त्यामागचे कारण सांगणारा सर्वमान्य सिद्धान्तही मिळाला नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले. त्यांनी दिलेली वीस वर्षांची मुदत केव्हाच संपली. पण शास्त्रज्ञांचे प्रयत्न थांबलेले नाहीत. मित्रांनो, तारकर्लीच्या लाटांत ते इंधन आजही आहे. ते वापरण्याची युक्ती कदाचित तुमच्यापैकीच कोणाला सापडेल!